चिकटवलेला जप

डॉक्टरांनी माझ्या उजव्या अंगठ्याला मनगटापर्यंत पट्टा बांधला आणि सांगितलं, "सहा आठवडे लिहायचं बंद."

मी मुळात हळू बोलते, त्यामुळे मला काही म्हणायचंच नाही असं लोकांना वाटतं. तरी मी विचारलं, "डॉक्टर, पेन धरायचं बंद, की लिहायचं बंद?"

"दोन्ही," म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता यात त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. मी रामनवमीला संकल्प सोडलाय हे त्यांना कुठून ठाऊक असणार? रोज 'श्रीराम जय राम जय जय राम' अशा एकशे आठ ओळी लिहायच्या, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, एकही दिवस खंड न पाडता. एकदा जपाला बसलं की तो होईपर्यंत बोलायचं नाही आणि खायचंही नाही. त्रिपुरीला वेसाव्यातल्या आमच्या मारुतीच्या नव्या गाभाऱ्याची पायाभरणी होती, आणि ज्यांचा जप अखंड झाला त्यांच्या वह्या तांब्याच्या हंड्यात घालून पायात ठेवायच्या असं समितीने ठरवलं होतं. वर देऊळ उभं राहणार आणि खाली आपण लिहिलेलं नाव. मला तर याहून मोठी गोष्ट आयुष्यात मागायची नव्हती. जवळजवळ सहा महिने एक दिवस चुकला नव्हता. ताप आला तेव्हाही नाही, आणि सोसायटीच्या रंगकामात आमच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या जिन्यात होत्या तेव्हाही नाही. आणि आता ऐन नवरात्रात अंगठ्याने दगा दिला.

ललिता पंचमीला मी डाव्या हाताने लिहून पाहिलं. सकाळी नऊला बसले. उठले तेव्हा आमच्या ह्यांचा चिवड्यावर दोनदा हात मारून झाला होता. ह्यांनी वही हातात घेतली, लांब धरली, मग उलटी धरली.

"हे तू लिहिलंस की मारुतीने स्वतःच?" म्हणाले.

आमचे हे विमा कंपनीतून निवृत्त झालेत. देवाशी ह्यांचं भांडण नाही, ओळखच नाही. मी कुठलाही नेम धरला की हे त्याच्या अटी आणि नियम विचारतात. पण या वेळी ह्यांचं खरं होतं. मी लिहिलेलं मलाच वाचता येत नव्हतं, आणि जे वाचता येत नाही ते नाव तरी कसं म्हणायचं?

माझी भाची कल्पिता बोरिवलीला असते. तिला फोन केला तर ती म्हणाली, "अगं मावशी, टाइप कर ना! एक अंगठा गेला तर गेला, नऊ बोटं आहेत की." तिने नुकताच लॅपटॉप घेतला होता, त्यामुळे तिचा जुना कॉम्प्युटर षष्ठीच्या सकाळी आमच्या घरी आला. मॉनिटर, त्याच्या खालचा डबा, कीबोर्ड, माउस, प्रिंटर आणि वायरींचा एक मोठा गुंता. उंदराचा विनोद त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने केला. मी मोजला, सात वेळा झाला. आठवा मी करत नाही.

कल्पिताने मला समजावलं, "हे बघ, कीबोर्ड आणि माउस, इथून आपण आत घालायचं. मॉनिटर आणि प्रिंटर, इथून ते बाहेर येतं. मधल्या डब्यात काय होतं याचा तू विचार करू नकोस."

"म्हणजे देवळासारखंच," मी म्हटलं. "इकडून नवस, तिकडून प्रसाद. मधलं विचारायचं नाही."

"मावशी, तू फर्स्ट क्लास शिकशील," ती म्हणाली.

तिने मराठीची सोय करून दिली. 'जय' लिहिलं की कॉम्प्युटर स्वतःहून 'जयंत', 'जयपूर' असं काहीबाही सुचवायचा. ते मी बंद करायला लावलं. जपात मदत म्हणजे भागीदारी, आणि जयपूरशी भागीदारी मला नको होती. कल्पिताने मला कॉपी-पेस्टही दाखवलं. एक ओळ लिहायची, ती उचलायची आणि पाहिजे तितक्या वेळा चिकटवायची. मी कानाला हात लावले. हे मात्र मागच्या खुर्चीवरून मान पुढे काढून नीट बघत होते. मला वाटलं, पुरुषांना यंत्रांची आवड असते.

मी स्वतःसाठी एक नियम घालून घेतला. चूक झाली तर ती ओळ तशीच सोडून पुन्हा लिहायची. खोडायचं नाही. वहीतही मी नाव कधी खोडलं नाही, तर कीबोर्डवर एक बटण आहे म्हणून का खोडायचं?

समोरच्या रत्नप्रभाताई दुपारी आल्या. त्यांचं दार आणि तोंड, दोन्ही दिवसभर उघडं असतं, आणि दोन्हींतून मला कायम मदतच झाली आहे. त्यांनी कीबोर्डवरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं.

"कल्पिता याच्यावर वडापाव खायची ना गं?"

"खात असेल."

"आणि सुगंधा, याच्यावर तू रामनाम घेणार? आधी शुद्ध नको करायला? गोमूत्र शिंपड चार थेंब."

"वहिनी," हे आतून ओरडले, "विजेच्या वस्तूवर पाणी घातलं तर सुगंधाबरोबर तुम्हालाही मोक्ष मिळेल!"

शेवटी धूप दाखवण्यावर तडजोड झाली. धूप जरा जास्त झाला आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी काय जळतंय म्हणून विचारून गेलं, पण शुद्धी झाली.

टाइप करणं सोपं नव्हतं. एका बोटाने एकशे आठ ओळींना मला पहिल्या दिवशी साडेतीन तास लागले. एकशे आठ ओळींची तीन पानं व्हायची. ती छापून देवासमोर ठेवायची आणि मग स्वयंपाकाला लागायचं. म्हणजे ह्यांचं जेवण चारला. हे तीन वाजल्यापासून रिकामी ताटं मांडून ठेवत.

नवमीला मी जे केलं ते आमच्याकडे कोणीही केलं असतं. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची, हे आईने शिकवलंय. विळी, कात्री, ह्यांचा स्क्रूड्रायव्हर, आणि यंदा कॉम्प्युटर. मॉनिटरला गंध लावलं, प्रिंटरला झेंडू वाहिला. आणि ज्याच्यावर माझा नेम चालला होता त्या कीबोर्डला हळद-कुंकू, दूर्वा आणि मूठभर अक्षता. हात आखडता घेतला नाही.

दसऱ्याला सकाळी जपाला बसले. पहिली ओळ लिहिली आणि खालच्या ओळीवर जायचं बटण दाबलं, तर ते वरच येईना. पडद्यावरची ती उभी रेघ खाली धावत सुटली. पानं मागून पानं, सगळी कोरी. जप चालू होता म्हणजे मौन होतं, हाक मारायची सोय नाही. मी टाळ्या वाजवल्या. ह्यांना वाटलं आरती सुरू झाली, म्हणून ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी देवघरातली घंटा घेऊन वाजवली. ह्यांनी आणखी वाढवला. घाबरून मी माउसने हाताला लागेल तिथे टिचकी मारली, तर ते नेमकं छापायचं निघालं. प्रिंटर घरघरला आणि त्याने पहिलं पान दिलं. त्यावर एक ओळ. दुसरं कोरं. तिसरं कोरं.

कागद संपल्याचा लाल दिवा लागला तेव्हा हे दारात उभे होते. त्यांनी कोऱ्या पानांचा गठ्ठा उचलून चाळला.

"आज मौन जप दिसतोय," म्हणाले.

मी हातांनी खुणा केल्या. एका हाताला पट्टा असल्यामुळे त्या नीट झाल्या नाहीत.

सात बंगल्याच्या बाजारात राजेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी कीबोर्ड ओढणीत गुंडाळून, उपाशी पोटी आणि बंद तोंडाने तिथे गेले. बोलायला हे बरोबर होते. राजेशने कीबोर्ड उलटा करून दोनदा आपटला. टेबलावर तांदळाचे दाणे पडले, मग कुंकू, मग एक दूर्वा. त्याने चिमट्याने बटणं उपटायला सुरुवात केली.

"काकू," तो गंभीरपणे म्हणाला, "यात नैवेद्य सोडून बाकी सगळं आहे. अहो, पूजा आम्ही पण करतो. पण अक्षता डब्यावर टाकायच्या. कीबोर्डला लांबून नमस्कार करायचा."

त्याच्या सगळ्या डब्यांना झेंडूच्या माळा होत्या आणि कीबोर्ड मात्र स्वच्छ होते. मला फार लाज वाटली. इतकी वर्षं व्रतवैकल्यं करून मला एका दुकानदाराकडून पूजाविधी शिकावा लागला.

"संध्याकाळी या घ्यायला," राजेश म्हणाला.

संध्याकाळी! जप व्हायचा होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांना माझ्या न बोलण्याची सवय आहे. ते म्हणाले, "राजेशभाई, हिला तुमच्या कॉम्प्युटरवर थोडं टायपिंग करायचंय. फार नाही, एकशे सात ओळी."

मग मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून, भर रस्त्याला तोंड करून, जप केला. राजेश आत माझ्या अक्षता वेचत होता आणि हे चहाला गेले होते. गिऱ्हाईकांना दुकानात मीच दिसत होते. एकाने विचारलं, "आंटी, झेरॉक्स होते का?" मी मान डोलावली. त्याने आधार कार्ड माझ्या पुढ्यात ठेवलं. मी बोटाने मशीन दाखवलं. त्याने स्वतःच झाकण उघडलं, स्वतःच बटण दाबलं, आणि जाताना माझ्या पडद्याकडे पाहून चपला काढून नमस्कार केला. दुसरी एक बाई मात्र चिडली. "विचारतेय तर उत्तर पण देत नाही, केवढा हा माज!" माज हा शब्द मला आयुष्यात पहिल्यांदा लागला. मी त्र्याण्णवाव्या ओळीवर होते, म्हणून गिळला.

राजेशने त्या ओळी पेनड्राइव्हमध्ये घालून दिल्या आणि दसरा निभावला. पण त्यानंतर माझ्या डोक्यात खरी शंका आली. टाइप केलेला जप समितीला चालेल का?

समितीचे सचिव लहूभाऊ. वेसाव्यातच जन्मले, दोन होड्यांचे मालक, आणि देवळाच्या बाबतीत भारी कडक. त्यांच्या टेबलामागे पाटी होती, 'जप हस्तलिखितच स्वीकारला जाईल.' मी पाटीखाली माझी छापील पानं ठेवली.

"ताई, असं नाय चालणार," ते म्हणाले. "हाताने लिहिलेलं पाहिजे."

"हातानेच केलंय," मी म्हटलं. "पेनला एकच हात लागायचा. इथे दोन्ही लागतात."

लहूभाऊंनी मान वळवून पाटी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "अर्ज करा. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. रविवारी मीटिंग आहे."

दोन रविवार कोरम झाला नाही, कारण बोटी समुद्रात होत्या. तिसऱ्या रविवारी ठराव झाला. टाइप केलेला जप चालेल, पण हमीपत्र द्यायचं. कारण लोखंडवाला कॉम्प्लेक्समधल्या एका बाईंनी एका दुपारीत एक लाख नामं छापून आणली होती आणि हंड्यात वरची जागा मागितली होती. हमीपत्रात लिहिलं होतं, 'प्रत्येक ओळ मी स्वतः लिहिली आहे. एकही ओळ चिकटवलेली आढळल्यास संपूर्ण जप बाद समजावा.'

"सही करा," लहूभाऊ म्हणाले.

मी पट्टा दाखवला.

"मग अंगठा लावा. बायकांचा उजवा लागतो."

"उजवाच तर बांधलाय."

"डावा पुरुषांचा असतो ताई. फॉर्मवर तसं छापलंय."

शेवटी 'अंगठा डावा, बाई तीच' असा शेरा मारून त्यांनी तो फॉर्म घेतला. मी बी.ए. आहे, संस्कृत घेऊन. निळ्या शाईचं ते बोट मी घरी येईपर्यंत पदरात लपवून ठेवलं. हे मात्र दोन दिवस मला 'निरक्षर' म्हणत होते.

पुढे सगळं सुरळीत चाललं. प्रबोधिनी एकादशीला छत्तीस दिवस झाले आणि छत्तीस त्रिक एकशे आठ, म्हणजे बरोबर एकशे आठावं पान संपलं. मला त्या आकड्याचाच इतका आनंद झाला की उपासही जाणवला नाही. फक्त बोटं सुजली होती. हे माझ्या बोटांकडे पाहत होते. दुपारी मी देवळात कीर्तनाला गेले.

द्वादशीला सकाळी आंघोळ करून बसले, कॉम्प्युटर लावला, शेवटच्या पानावर गेले. पान क्रमांक दोनशे चाळीस.

मी चष्मा पुसला. दोनशे चाळीसच. काल एकशे आठ होती आणि आज दोनशे चाळीस. सगळी भरलेली. ओळीखाली ओळ, एकही चूक नाही, एकही अक्षर वाकडं नाही. तेवढ्यात रत्नप्रभाताई पारण्याची अळूची भाजी घेऊन आल्या आणि माझ्या खांद्यावरून त्यांनी पाहिलं.

"सुगंधा, काल दुपारी तू घरात नव्हतीस ना गं?"

मी मान हलवली. मौन होतं.

"कॉम्प्युटर बंद होता?"

होता.

ताईंनी अळूची वाटी प्रिंटरवर ठेवून हात जोडले. "प्रबोधिनी! देव उठले गं बाई, आणि उठल्या उठल्या तुझं काम करून गेले!"

मी 'थांबा' अशी खूण केली, पण ताईंनी ती नमस्काराची समजून मलाच नमस्कार केला आणि बाहेर धावल्या. कोचावर हे पेपर वाचत होते. पेपर सरळ होता, पण बराच वेळ पान उलटत नव्हतं.

मी आधी त्या दिवसाच्या एकशे आठ ओळी नव्या फायलीत लिहून घेतल्या आणि ती फाइल मिटली. चमत्कार असो वा नसो, नेम तो नेम. उठून पाहते तो घरात तीसएक माणसं. मी उठताच कुणीतरी मॉनिटरला हार घातला. माझ्या पाठीमागे इतका वेळ ही गर्दी जमत होती आणि सगळे माझं मौन राखून चिडीचूप बसले होते. एका आजींनी माउसवर डोकं टेकवलं, त्याबरोबर पडद्यावरची पानं भराभर धावायला लागली आणि ते पाहून आणखी चौघींनी हात जोडले. मासळी विकायला येणाऱ्या सोनूबाईंनी टोपली जिन्यात ठेवली होती. मांजर तिकडे गेलं तरी त्या हलल्या नाहीत. "बाय, मना पन दाव गो," म्हणत त्या पुढे सरकल्या. कुणीतरी डब्यावर नारळ फोडायला निघालं होतं, त्याचा हात मी वरच्या वर धरला.

आणि मग लहूभाऊ आले, समितीचे दोन सदस्य घेऊन. त्यांनी पडदा पाहिला, टोपी काढली आणि जाहीर केलं, "ताई, हे हंड्यात सगळ्यात वर."

ह्यांनी मला स्वयंपाकघरातून खूण केली. आत गेले तर हे ओट्याला टेकून उभे.

"अगं, ते मी केलं."

"काय?"

"कॉपी-पेस्ट. तुझी बोटं बघवेनात. पौर्णिमेला चार दिवस राहिले होते, म्हटलं चार दिवसांचं आपण करून टाकू, हिला आराम. कल्पिताने दाखवलं होतं ना. एका दिवसाच्या ओळी उचलल्या, चारदा दाबायचं होतं. मी दाबून धरलं." घसा खाकरून म्हणाले, "ते चव्वेचाळीस वेळा झालं. काढायचं कसं ते येईना, म्हणून बंद करून ठेवलं. मला वाटलं, तू बघशील आणि काढशील. वाटलं नव्हतं बायका नारळ घेऊन येतील."

मी बाहेर येऊन सांगितलं, "हा चमत्कार नाही." कुणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा सांगितलं. रत्नप्रभाताई म्हणाल्या, "बघा, केवढी नम्रता!" तिसऱ्यांदा सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि विमा कंपनीच्या काउंटरवरच्या आवाजात म्हणाले, "मी केलंय. चिकटवलंय. देवाचा काही संबंध नाही."

मग एका बाईंनी आपला नारळ उचलून पिशवीत घातला. सोनूबाई जिन्यात गेल्या आणि मांजराला ज्या शिव्या दिल्या, त्या खरं म्हणजे ह्यांना होत्या असं मला वाटतं.

लहूभाऊंनी टोपी पुन्हा घातली. "मग ताई, हमीपत्राप्रमाणे तुमचा जप बाद."

सात महिने!

"अहो, काढून टाका ना ते जास्तीचं!" रत्नप्रभाताई म्हणाल्या. त्यांना चमत्कार गेल्याचं दुःख होतं, पण शेजार पहिला. त्यांनी लगेच कल्पिताला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मावशी, सिलेक्ट करून डिलीट मार," कल्पिता म्हणाली.

"चार हजार सातशे बावन्न वेळा रामाचं नाव पुसू?"

"मग अनडू कर. ते पुसणं नाही, ते झालंच नाही असं होतं."

"झालेलं नाव झालंच नाही असं करायचं? हे तर पुसण्याहून वाईट."

"आणि काकांनी कॉम्प्युटर बंद केला होता ना? मग अनडू आता होणार पण नाही," कल्पिता म्हणाली. तो मार्ग देवाने आधीच बंद करून ठेवला होता.

मी खुर्चीत बसले. पुसलं तर माझा नेम मोडतो, ठेवलं तर हमी मोडते. आणि कोणी काही म्हणो, ओळी दिसायला किती सुंदर होत्या.

"लहूभाऊ," मी विचारलं, "तुमची अडचण काय आहे? ओळ आहे, पण तिच्यामागे माणूस नाही, हीच ना?"

"हां, तेच."

"माणूस आहे की." मी ह्यांच्याकडे बोट केलं. "ज्यांनी चिकटवलं, ते म्हणतील. एकेक ओळ वाचून, मोठ्याने. चव्वेचाळीस माळा होतात. पौर्णिमेपर्यंत वेळ आहे. माझी पानं वेगळी छापते, ह्यांची वेगळी. ह्यांच्या नावाने."

"मी?" हे म्हणाले.

घरात उरलेले सगळे ह्यांच्याकडे पाहायला लागले. कोचावर परतायची वाटही बायकांनी अडवली होती. लहूभाऊंनी वहीत नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'चिकटवलेला व म्हटलेला.' खाली ह्यांचं नाव, 'श्यामकांतभाऊ.'

"पण एक ओळ जरी राहिली," ते बोट उगारून म्हणाले, "तर दोघांचं बाद. एकाच घरातलं आहे."

दुपारपासून हे कॉम्प्युटरपुढे बसले. डाव्या हाताने गाल धरून आणि उजव्या हाताने माउसचं चाक फिरवत. पहिल्या दिवशी ह्यांनी रामनाम अटी आणि नियम वाचावेत तसं वाचलं. मध्येच माझ्याकडे पाहून एकदम तीन ओळी खाली सरकायचे. मी फक्त हातातली फुलवात खाली ठेवायचे, की हे तीन ओळी वर यायचे. त्रयोदशीला घसा बसला, तेव्हा ज्येष्ठमध मागितलं. चतुर्दशीला ह्यांच्या ऑफिसातल्या मित्राचा फोन आला तर हे बोललेच नाहीत, हातानेच मला 'नंतर' अशी खूण केली. संध्याकाळी सात वाजता म्हणाले, "झालं," आणि बराच वेळ पडद्यासमोरून उठले नाहीत.

त्रिपुरीला सगळं वेसावं देवळापाशी लोटलं होतं. खड्ड्याभोवती रांगोळी, हंडा घासून लख्ख. मुहूर्त अकरा अठ्ठावीसचा. माझ्या वह्या आणि छापील पानं लहूभाऊंनी हातात घेतली, हमीपत्रावरचा अंगठा पाहिला आणि बाजूला ठेवली. मग ह्यांचा गठ्ठा घेतला.

"श्यामकांतभाऊ, मारुतीसमोर सांगा. सगळ्या म्हटल्या?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? आयुष्यभर ह्यांना देवाचं काही पडलेलं नव्हतं आणि माझ्या सगळ्या वह्या त्या एका अक्षरावर टांगलेल्या होत्या.

हे कानामागे खाजवत म्हणाले, "नाही. काल दुपारी जरा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा चाक फिरलेलं होतं. सत्याण्णव ते एकशे एक, ही पाच पानं म्हटली की नाही, मला खात्री नाही. ती आता म्हणतो."

आणि गठ्ठ्यातून ती पाच पानं काढून हे पायरीवर बसले.

"अहो, मुहूर्त!" गुरुजी ओरडले. "अकरा वाजून गेले!"

रत्नप्रभाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. लहूभाऊ दोन पावलांत ह्यांच्यापाशी आले. "आणा ती पानं इकडे. पाच पानं, पाच जण म्हणू, दोन मिनिटांत उरकतं. चला रे, धरा."

ह्यांनी पानं छातीशी धरली.

"नाय लहूभाऊ," हे म्हणाले, "ही माझी आहेत."

आणि चष्मा सारखा करून, बसक्या आवाजात, पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. लहूभाऊंनी टोपी काढली आणि खालच्या पायरीवर बसले. मी मात्र पदर सारखा करून उभीच राहिले, आणि ओळी मोजत होते. एकशे ऐंशी. एकही कमी नाही.